रूबेनच्या वर्षदिवशी नऊच

मेलबर्न

प्रिय हायमदादा,

तुला आणि वहिनीला शालोम.

अलिबागला प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत एक कमी पडला की पपा सिनेगॉगच्या दारात उभे राहून बाजारातून येणाऱ्या आपल्या माणसाला ओरडून बोलवायचे, "अरे, मासळी पळून जात नाही, आधी आत ये, नऊच आहोत." मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात, तू शेजारी, दोघं पायरीवर हसत बसायचो.

मी बरी आहे. वहिनीचा डोळा कसा आहे? आमच्या सिनेगॉगच्या भिंतीवर आपल्या यहुद्यांबद्दल कुणी घाण लिहून गेलं, तेव्हापासून फाटकाला कुलूप असतं. मी सगळ्यांना ओळखते, म्हणून किल्ली माझ्याकडे. काळजी करू नकोस, पोलीसही फेरी मारतात.

मंगळवारी रूबेनला जाऊन वर्ष झालं. आत नऊ पुरुष होते. तेवढ्यात पाठीवर पिशवी घेतलेला एक अनोळखी तरुण फाटकाशी आला. "मी यहुदी आहे, प्रार्थनेला आलोय," म्हणाला. त्या पिशवीकडे बघून मला भिंतीवरचं ते लिखाण आठवलं. मी सांगितलं, "आज बंद आहे." तो गेला. दहा झाले नाहीत, आणि माझ्या नवऱ्यासाठी म्हणायची कद्दीश, गेलेल्यांची प्रार्थना, राहिली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मी माफी मागितली तर म्हणाला, "आजी, माझ्या आईनेसुद्धा उघडलं नसतं." ते ऐकून मला जास्तच रडू आलं.

पार्सल पाठवते आहे. स्वेटर तुला, निळी ओढणी वहिनीला. रूबेनची प्रार्थनेची शालही त्यात आहे, ती मात्र घरात ठेवू नकोस. तिथल्या सिनेगॉगमध्ये दे, आणि अनोळखी कुणी आला की त्याच्या खांद्यावर घालायला सांग.

तुझी,
क्वीनी