नाव नसलेली गोळी

७ जानेवारी
बाबांनी आज चहा बशीत ओतला. सांडला नाही. मी बघतेय हे कळल्यावर पुन्हा ओतून दाखवला. कंपवात जडल्यापासून असा हात पाहिला नव्हता.

नंतर इस्पितळात, पुढची डबी आणायला. नव्या औषधाची चाचणी, म्हणून डबीवर नुसता क्रमांक. बाबांनी डॉ. मॅडमना विचारलं, हिला नाव का नाही? आधी गोळीनं काम करून दाखवायचं, मग सरकारची मंजुरी, बाजारातलं नाव सगळ्यात शेवटी, असं त्या म्हणाल्या. बाबा म्हणाले, "आमच्यात बारसं बाराव्या दिवशी. तुमचं बाळ म्हातारं होनार." मॅडम खूप हसल्या.

चाचणीतल्या काहींना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी, आत औषधच नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे मॅडमनाही माहीत नसतं. पण ती बशी. खरीच असणार.

१९ जानेवारी
अंतोनकाका मिस्साहून येताना चर्चच्या पायरीवर पडले. गास गावात बाबांच्या कुंपणापलीकडचं घर त्यांचं. त्यांनाही कंपवात. दोघं एकमेकांच्या हातांची टिंगल करत बसतात. डोक्याला टाके, नाडी फार मंद. वसईच्या इस्पितळात ठेवलंय.

सेलिनकाकू बाकावर रडत होत्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "तुझ्या बाबांची गोळी चांगली लागली होती गं यांना."

कुठली गोळी? विचारलं नाही. विचारायची गरजच…

२० जानेवारी
सकाळची गोळी बाबा स्वतः घेतात, संध्याकाळची अं.का.ना देतात. दिवाळीपासून. डबी वेळेवर संपते, त्यामुळे कुणाला शंका नाही.

मी ओरडले. हृदयाचं दुखणं आहे म्हणून अं.का.ना चाचणीत घेतलं नव्हतं, हे बाबांना ठाऊक होतं. संमती देताना कॅमेऱ्यासमोर "सगळं समजलं" म्हणाले होते.

"त्याला घेतलं नाही म्हनून तर दिली. वांग्याचा पहिला तोडा त्याच्याकडे जातो, त्याच्या केळीचा घड आपल्याकडे. हे तेवढं एकट्यानं खाऊ?"

याच घरात वाढले मी. कुंपणावरून टोपली न्यायचं काम माझंच होतं.

मग हळूच म्हणाले, मॅडमना नको सांगू. काढून टाकतील मला.

२० जाने., दुपार
माणिकपूरला माझ्या घरी परतले. रिक्षात दोनदा फोन काढला, ठेवला. सांगितलं तर बाबांची गोळी जाणार. नाही सांगितलं तर तिकडचे डॉक्टर अंधारात चाचपडणार. अं.का.च्या नेहमीच्या गोळ्या त्यांना दाखवल्यात. त्या पाकिटांवर वर कंपनीनं ठेवलेलं नाव, खाली बारीक अक्षरात आतल्या औषधाचं. डॉक्टर वाचतील, पुस्तकात बघतील. बाबांच्या गोळीचं ते काय वाचणार?

सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत, त्यानं जास्त भीती वाटली. म्हणाल्या, क्रमांकामागचं गुपित उघडावं लागेल, तातडीचं असेल तर तशी सोय असते. चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला कळवावं लागेल. बाबांची गोळी आजपासून बंद.

२१ जानेवारी
देवासमोर उभी राहिले आणि काही मागताच येईना. गोळी पोकळ असू दे म्हणावं, तर अं.का.ना तिनं काही केलेलं नाही. पण मग ती बशी? तो हात कशानं थांबला होता? खरी असू दे म्हणावं, तर… नुसता दिवा लावला.

२२ जानेवारी
अं.का.ची नाडी थोडी सुधारली. अजून देखरेखीखालीच. मॅडमनी तिकडच्या डॉक्टरांना सरळ कळवलंय, त्याप्रमाणे उपचार चाललेत. खरी की पोकळ, ते मला संध्याकाळी सांगणार.

बाबांना भेटायला सोडलं. अं.का. त्यांना म्हणाले, "काय रे, मला इथं टाकून तू मजेत?" बाबा त्यांची चादर नीट करायला गेले, बोटं थरथरली, चादर माझ्याकडे दिली.

जिन्यात माझा दंड धरून थांबले.
"खोटी निघाली तर मला नको सांगू. खरी निघाली तर अंतोनला नको."

आज गासलाच थांबलेय. मॅडमचे दोन मिस्ड कॉल. बाबा आत झोपलेत, निदान डोळे मिटलेत. अजून उलट फोन केलेला नाही.