होणारे व्याही आणि न अडकणारी बंदूक

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
नोव्हेंबर १९८६

श्री. प्रतापराव यांस,

चंद्रशेखरचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. (विनंती अगदी शेवटी आहे, तोवर नुसतं विशेष वाचावं.) आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. तुमची आणि वहिनींची खुशाली कळवा असं दर पत्रात लिहितो, पण उन्हाळ्यापासून तुमची एक ओळ नाही. तुमच्यावर माझा मुळीच संशय नाही. माझा संशय टपालखात्यावर आहे. चंद्रपूरच्या पोस्टात परदेशी तिकिटं जमवणारा कुणी शौकीन बसला असावा आणि तो तिकिटांपायी पाकिटंच्या पाकिटं घरी नेत असावा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? कांचन रोज दुपारी पत्रपेटीपर्यंत जाऊन येते आणि आल्यावर बराच वेळ माझ्याशी बोलत नाही, यावरून खात्याच्या कारभाराची कल्पना यावी.

पत्राचं कारण बंदूक. दचकू नका. तुमच्या धाकट्या बहिणीशी माझं अजून बरं आहे. तुमची हयात जंगलखात्यात गेली, शिकारीला बंदी येण्याआधी तुमची दुनळी साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती, तेव्हा या विषयात सबंध गोतावळ्यात विचारावं असे तुम्हीच. तर झालं असं की ऑगस्टमध्ये दीपाने जाहीर केलं की तिला डगशी लग्न करायचं आहे. (कांचनने हे तुम्हाला कळवलंच आहे, पाकीट पोचलं असेल तर.) डग गुरांचा डॉक्टर आहे. मुलगा सरळ दिसतो, हसून बोलतो, जेवल्यावर स्वतःचं ताट धुतो, आणि इतकं सगळं चांगलं एकाच माणसात दिसलं की मला घाम फुटतो. आपल्याकडे स्थळ आलं की चार ठिकाणी चौकशी करता येते, कुणाची तरी मावसबहीण त्याच आळीत निघते. इथे मी कुणाला विचारू? त्याच्या गाईंना? एकुलती एक मुलगी, ती कोणत्या घरात चालली आहे हे मला कळायला नको? म्हणून मी ठरवलं की मुलाचा बाप बघायचा. खाण तशी माती.

बापाचं नाव हार्लन. इथून तासाभरावर त्याची तंबाखूची शेती आहे, बायको जाऊन काही वर्षं झाली. मी फोन केला तर गडी म्हणतो, सवडीने एखाद्या शनिवारी शेतावर या, मातीच्या थाळ्या फोडू, पुढे थंडीत होल्या पाखरांच्या शिकारीला जाऊ, बंदूक नसली तर माझ्याकडची घ्या. (मातीची थाळी म्हणजे बशीएवढी नारिंगी चकती. एक यंत्र ती झपकन आभाळात फेकतं आणि आपण ती पडायच्या आत छर्ऱ्यांनी फोडायची. हा इथला खेळ आहे, आणि थाळीला जीव नसतो म्हणून कांचनची त्याला परवानगी आहे. होल्यांना नाही.) आता तुम्ही सांगा, व्याही पहिल्यांदा घरी यायचाय आणि त्याच्या हातात कुणी बंदूक देतं का? आम्ही वरण-भात दिला असता. विचार करता करता मला उलगडलं की ही परीक्षा आहे. पूर्वी आपल्याकडे मुलीला चालून दाखव, सुई ओवून दाखव म्हणायचे, इथे मुलीच्या बापाला बार काढून दाखव म्हणतात. आणि परीक्षाच असेल तर बंदूक परीक्षकाची कशी घ्यायची? खांदा निखळवणारी नेमकी माझ्या वाट्याला आली असती. मी म्हटलं, माझी मी आणतो.

तुम्हाला माझं काम ठाऊक आहे. आमच्या कंपनीत नवं यंत्र तयार झालं की ते माझ्याकडे येतं आणि ते कशाने बंद पडेल ते मी शोधून काढतो. पगारच संशयाचा आहे. त्यामुळे बंदूक घ्यायची तर न अडकणारी घ्यायची, आणि ती हलक्या काडतुसावरही चालली पाहिजे आणि जड काडतुसावरही, कारण थाळ्यांना हलकं लागतं आणि शिकारीला जड. (शिकार मी करणार नव्हतो, पण नुसत्या थाळ्यांची बंदूक घेऊन गेलो असतो तर हार्लनने काय तो अर्थ काढला असता.) इथे सेमी-ऑटोमॅटिक म्हणून प्रकार आहे. चाप एकदा ओढला की एक बार होतो, रिकामं काडतूस आपसूक बाहेर उडतं आणि पुढचं आपसूक आत सरकतं. आपसूक होणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास नाही, म्हणून मी सेल्समनला विचारलं की हे सगळं करतं कोण? तर त्यात म्हणे घराणी आहेत. एका घराण्यात बाराच्या धक्क्याने सबंध नळीच मागे सरकते. ती खांद्याला जाणवते, पण तिला तेल घाला न घाला, ती कुरकुरत चालते. दुसऱ्या घराण्यात बाराचा वायू नळीतल्या बारीक भोकातून थोडासा चोरतात आणि त्याच्यावर पुढचं काम करून घेतात. ही खांद्याला मऊ, पण सेल्समन म्हणाला, हिला स्वच्छ ठेवा, एवढंच. हे ‘एवढंच’ मला खटकलं. ज्या हमीच्या शेवटी ‘एवढंच’ येतं तिची सगळी गोम तिथेच असते.

तीन दुकानं पालथी घातली. प्रत्येक सेल्समन दुसऱ्याची बंदूक वाईट म्हणत होता, आणि एकाने तर स्वतःचीच वाईट म्हटली, तेव्हा तो प्रामाणिक वाटून मी त्याच्यावर सगळ्यात जास्त संशय घेतला. दीपा माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, “बाबा, यू सस्पेक्ट एव्हरीबडी. जस्ट पिक वन यार, प्लीज.” शेवटी खांदा माझा असल्यामुळे मऊ घराण्यातली घेतली. घरी आणून उघडतो तर काडतुसांच्या नळीत लाकडाची काडी! नवी म्हणून विकलेल्या बंदुकीत कुणीतरी लाकूड कोंबलेलं! तसाच गाडी काढून दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर जाब विचारला. सेल्समन शांतपणे म्हणाला, सर, पाहुण्या पाखरांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं ठेवायचा सरकारी कायदा आहे, जास्त मावू नयेत म्हणून कारखानाच ती काडी घालतो. मी तो कायदा वाचनालयात जाऊन पडताळून पाहिला. निघाला खरा. काडी परत घातली.

मग सराव. इथल्या मैदानावर जाऊन हलकी काडतुसं उडवली, जड उडवली, निरनिराळ्या कंपन्यांची एकात एक मिसळून उडवली, मुद्दाम थंड करून उडवली. थाळ्या बहुतेक अभंगच जमिनीवर उतरत होत्या, पण बंदूक एकदाही अडकली नाही. माझ्या शास्त्राप्रमाणे ती पास झाली. मी ती पुसून, तेल देऊन, लखलखीत करून घरी आणली. (त्यानंतर दसरा येऊन गेला. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, पण तुमच्या बहिणीचं कौतुक म्हणून सांगतो. इतकी वर्षं आमच्याकडे शस्त्रपूजेला माझा स्क्रूड्रायव्हर, तिचं शिवणयंत्र आणि विळी असायची. यंदा प्रथमच घरात खरं शस्त्र आलं. बंदूक रिकामी आहे ना हे मी पुनःपुन्हा तपासलं, मग कांचनने ती पाटावर आडवी ठेवून हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं असं साग्रसंगीत केलं. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून मेपलची वाटली.)

तर तो शनिवार. दीपा आणि मी पोचलो तेव्हा हार्लन फाटकातच उभा होता. उंच, टोपी घातलेला, बोलायला सावकाश. माझा हात हातात घेऊन हलवत म्हणाला, “चॅन्ड्रा, दीपा सांगत होती, तुला इथे यायचं टेन्शन आलंय. मला पण आलंय.” परीक्षकाने असं आधीच सांगणं हा एक डाव असतो. मी सावध झालो. त्याने मला स्वतःची काडतुसं देऊ केली. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं, घेतली. डगने प्रेमाने माझी बंदूक गाडीतून उचलून आणून दिली. तेही मी मनात नोंदवलं. पहिली थाळी उडाली, मी चाप ओढला, आणि खोटं कशाला सांगू प्रतापराव, थाळीचे तुकडे झाले. दीपा टाळ्या पिटायला लागली. दुसरी थाळी उडाली, मी चाप ओढला, आणि काही नाही. नळी पुढच्या गवताकडे धरून बघतो तर रिकामं काडतूस निम्मं बाहेर, निम्मं आत, दारात अडकलेल्या म्हशीसारखं. हार्लनने ते काढून दिलं. पुन्हा एक बार, पुन्हा तेच.

माझ्या शास्त्रात नियम आहे की चालणारं यंत्र बंद पडलं की काय बदललं ते शोधायचं. मैदानावर चालत होती, इथे अडकते. बदललं काय? काडतुसं हार्लनची. हात डगचा. चित्र स्वच्छ होतं. मला सगळ्यांच्या देखत हास्यास्पद करायचा बापलेकांचा बेत होता, म्हणजे लग्नानंतर दीपाचंही असंच व्हायचं. मी ठरवलं की बंदूक गाडीत टाकायची, दीपाला बसवायचं आणि निघायचं. तेवढ्यात हार्लनने ट्रकच्या मागच्या फळीवर एक टॉवेल अंथरला आणि विचारलं, “मे आय?” मी म्हटलं, बघा. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर बाहेर येऊ दे.

त्याने बंदूक रिकामी करून, वेगळी करून, टॉवेलवर हलकेच आपटली. आतून आधी पिवळी भुकटी पडली. मग लाल. मग तेलात माखलेले तांदळाचे दाणे, एकामागून एक. हार्लनने एक दाणा बोटावर घेतला, चष्मा वर करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “आमच्याकडे चर्चमधून बाहेर पडणाऱ्या नवरा-नवरीवर तांदूळ टाकतात. चॅन्ड्रा, या बंदुकीत कुणाचं लग्न झालं?”

दीपा हसून हसून खाली बसली. मी मात्र सांगत सुटलो की आमच्यात दसऱ्याला आपापल्या हत्यारांची पूजा करतात, हे तांदूळ म्हणजे अक्षता, आणि लग्नात आम्हीही जोडप्यावर ह्याच टाकतो. माझ्या बायकोने भक्तीच्या भरात जरा जास्त वाहिल्या. मला वाटलं आता हा हसणार, आणि तो हसला असता तर मी लग्न मोडणार होतो, हे तुम्हाला स्वच्छ सांगतो. हार्लनने टोपी काढली. मग ते दाणे टॉवेलवरून एक एक वेचून त्याने एका रिकाम्या काडतुसात भरले आणि वर कागदाचा बोळा लावला. म्हणाला, कुणी आशीर्वाद म्हणून टाकलेली गोष्ट आहे, जमिनीवर कशी झाडायची? आणि स्वतःची बंदूक माझ्या हातात देऊन तो उरलेला सगळा वेळ नुसता थाळ्या फेकत राहिला.

प्रतापराव, मला भरून आलं. (बाराच्या धुराने डोळे चुरचुरतात, हेही आहे.) त्याची बंदूक खांद्याला मुळीच लागली नाही. त्याने मला घरातली सगळ्यात चांगली दिली होती. येताना गाडीत मी दीपाला सांगितलं की माणसं बरी दिसतात. यापेक्षा जास्त मी आजवर कुणाबद्दल बोललेलो नाही, आणि ती रडायला लागली.

तरी जाणकार म्हणून मला एवढंच कळवा की वायूच्या भोकात शिरलेलं हळद-कुंकू नुसत्या तेलाने निघतं की रॉकेल लागतं. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
चंद्रशेखर

ता. क. रॉकेलचं मी विचारून ठेवलं आहे. ते लागत नाही. विनंती वेगळीच आहे. लग्न एप्रिलमध्ये आपल्या पद्धतीने करायचं ठरलंय. भटजी मिळाले, अंतरपाट कांचनकडे आहे. मुलीचा मामा तेवढा इथे मिळत नाही. आणि एक गोष्ट वर चुकीची लिहिली गेली. टपालखात्यावर माझा संशय नाही.

दादा, मी कांचन. ह्यांनी पत्र उघडंच ठेवलं म्हणून लिहिते. अक्षता मी बंदुकीच्या वर वाहिल्या होत्या, चिमूटभर. ह्यांनीच ते मधलं दार उघडलं आणि म्हणाले, यंत्राचा देव आत असतो, वरवरच्या पूजेने काय होतंय, आण इकडे. आणि वाटी उपडी केली. मी आजवर कुणाला बोलले नाही. दादा, तू रागावला आहेस ते मला पहिल्या महिन्यातच कळलं. पोरगा परका आहे, मान्य. पण माझ्या लग्नात मामाच्या जागी तू मागे उभा होतास आणि तुझा हात पाठीला लागत होता, म्हणून मी हा एवढा समुद्र ओलांडून आले. दीपाच्या मागे कोण उभं राहील?

ता. क. पुन्हा मी. वरचा मजकूर वाचला. वाटीबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे, पण ते समक्ष बोलू. मामा म्हणजे काय ते कांचनने काल हार्लनला समजावून सांगितलं. तो म्हणाला, त्यांना खरंच जमणार नसेल तर मुलीच्या मागे मी उभा राहतो, तिला एकटी कशाला ठेवायची. आता बघा, नवऱ्या मुलाचा सख्खा बाप, आणि तो नवरीच्या बाजूने उभा राहायला तयार होतो. मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय. तुम्ही स्वतः येऊन खात्री करून घ्यावी हे बरं.