‘पुणे’ नावाचं बटण

८ जानेवारी २००७, सोमवार
संपदाचा पुण्याहून फोन. बाबांना कायमचं माझ्याकडे नेते, म्हणाली. दिवाळीत तिने विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली होती म्हणे. अर्धांगवायूने ह्यांची वाचा आणि उजवा हात गेला, तेव्हापासून मान कशालाही हलते. काल दुधीची भाजी वाढली तेव्हाही हलली, आडवी. मी वाढलीच. मान हा पुरावा नव्हे.
एम.एस्सी. उगाच केलेलं नाही. शास्त्रीय पद्धतीने सोक्षमोक्ष लावणार. संपदाला सांगितलं, होळीला ये, ते स्वतः सांगतील. ते जयपूर सोडणार नाहीत. मला माहीत आहे.

१५ जानेवारी
मालवीय नगरला प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला. मानसरोवरच्या घरून बसने. शिकवणारी भार्गवी मूळची अकोल्याची. मला ‘काकू’ म्हणाली. मॅडम म्हणायला लावलं.
योजना: पडद्यावर दोन बटणं, ‘इथेच’ आणि ‘पुणे’. ह्यांनी डाव्या हातात माउस धरून एक दाबायचं. समज शाबूत आहे, वाचता येतं, असं डॉक्टर म्हणतात. मग झालं तर.

२९ जानेवारी
प्रोग्रॅम चालला. पहिली चाचणी सकाळी, चहाच्या आधी. ‘पुणे’.
हात घसरला.

३० जानेवारी
‘पुणे’. हात उजवीकडेच घसरतो. बटणांच्या जागा बदलल्या.

३१ जानेवारी
‘पुणे’. आता डावीकडे घसरतो. शिवाय खिडकीचा उजेड. पडदा ओढून पुन्हा घेतली. तेच. तोवर चहा गार झाला. गार चहाही चालतो त्यांना. निदान तक्रार तरी केलेली नाही.

५ फेब्रुवारी
दोष सापडला. दोन्ही बटणं सारखी दिसतात, माणूस गोंधळतो. ‘इथेच’ मोठं केलं. रंगासाठी तीन आकडे द्यावे लागतात. लग्नातल्या शालूचा रंग जमवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. कोपरे गोल करताना ‘च’ अर्धा कापला गेला, तो दुरुस्त केला. आता बटण असं दिसतं की कोणालाही दाबावंसं वाटेल.

६ फेब्रुवारी
‘पुणे’.
शालू विसरले असतील.

१२ फेब्रुवारी
ह्यांची शेवटची वर्षं विमा कंपनीत कॉम्प्युटरवर गेली. राखाडी बटण बंद असतं, ते दाबायचं नसतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्याचा उपयोग केला. ‘पुणे’ लहान केलं आणि बंद बटणासारखं राखाडी.
भार्गवी म्हणाली, मॅडम, सरळ बंदच करा ना. तिला सुनावलं. मी लबाडी करत नाही. बटण चालू आहे. निवड पूर्ण मोकळी आहे. फक्त दिसायला बंद.

१३ फेब्रुवारी
बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. काहीच दाबलं नाही. प्रगती.

१४ फेब्रुवारी
‘इथेच’. पहिलं बरोबर उत्तर. मी फक्त हाताला आधार दिला होता. बक्षीस म्हणून दोन बिस्किटं. खाल्ली नाहीत. आनंदाने भूक मरते कधीकधी.

२० फेब्रुवारी
आधार न देता घेतली. राखाडी बटण दाबलं. कोणीतरी पढवलं. संपदाच. रविवारी तिने फोनवर त्यांच्याशी बोलून घेतलं होतं. आजपासून रिसीव्हर त्यांच्या कानाला लावणे बंद. प्रयोगात बाहेरची ढवळाढवळ नको.

२३ फेब्रुवारी
‘पुणे’ची कडा काढली. बटणाला मागच्या पडद्याचा रंग दिला, अक्षरांनाही तोच. खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. बटण आहे, दिसत नाही इतकंच. भार्गवी म्हणाली, ज्याला हवंय त्याला सापडणारच नाही. ज्याला जायचंच नाही त्याला सापडून काय करायचंय, असं मी विचारलं.
संध्याकाळी रंगीत तालीम. माउसला हातही लावला नाही. समाधान दिसलं.

४ मार्च, धुळवड
संपदा आली. आल्या आल्या बाबांना गुलाल लावला, रडली. रडणं आवरायला सांगून ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. मी मुद्दाम लांब उभी राहिले. हात धरला असं कोणी म्हणायला नको.
माउस हलला. शालूच्या रंगावरून पुढे गेला. मग वरून खाली, भिंतीला चुना लावावा तसा, एकेक पट्टा करत. मला वाटलं, हात कापतोय. खालच्या कोपऱ्यात गेल्यावर एक चौकोन उजळला. असल्या बिनकडांच्या बटणावर माउस गेला की ते आपोआप रंग बदलतं, तो गुण वेगळा बंद करावा लागतो. क्लासात हे सांगितलं नव्हतं. फी परत मागणार.
त्यांनी दाबलं. ‘पुणे’. पुन्हा दाबलं. मग पुन्हा.
“आई,” संपदा म्हणाली, “मतलब, बटण होतं आणि तू लपवलंस?”
तिला सांगितलं, ही डिझाइनची बाब आहे, तू आर्ट्सची. तिने बॅग काढली आणि बाबांचे स्वेटर भरायला लागली.

७ मार्च
स्टेशनवर सोडून आले. खालचा बर्थ मिळाला. ह्यांच्याशी बोलायचं काय ते मी घरूनच ठरवून गेले होते. आधी संपदाला औषधं आणि पथ्य समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मी वळले, तर हे घोरत होते. घरी पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचे, इथे पाठ टेकताच झोप.
गाडी अजून फलाटावरच होती.
प्रवासाने थकले असणार.