बांबूला पाणी घालू नये

मी, रुखमिणी नामदेव कापगते, वय बहात्तर, निवृत्त समुद्रजीव-संशोधक, राहणार लाखनी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण धाकट्या भावाची बायको ललितावहिनी हिचा माझ्या शब्दावर भरवसा नाही.

१. राहते घर, परसातल्या बांबूच्या बेटासह, धाकटा भाऊ तेजराम याला.

२. काचपेटीतली समुद्री फांदी, जी माझ्या गोव्याच्या संशोधन संस्थेने शाळांत दाखवण्यासाठी रीतसर परवानगीने दिली आहे, ती तेजरामची मुलगी डिंपल हिच्या ताब्यात राहील. ती साकोलीच्या शाळेत शिकवते. पांढऱ्या कांड्या आणि काळे सांधे, म्हणून याला बांबू प्रवाळ म्हणतात. प्रत्यक्षात तो प्राण्यांचा सांगाडा आहे. खोल, थंड अंधारात अंगठ्याएवढे जाड व्हायला त्याला शतक लागते. तळ खरवडणारे मासेमारीचे जाळे त्याचे अख्खे रान चहा होईस्तोवर साफ करते. त्यातलीच ही वाचलेली फांदी. मी गोव्याला गेले असताना तेजरामने ती बेटात रोवली आणि उन्हाळाभर पाणी घातले. मी रागावले तर म्हणतो, "बांबूच हाय ना बाई? पानी लागतेच त्याले." यापुढे पाणी घालू नये.

३. माझी राख वैनगंगेत सोडावी. समुद्राच्या तळाशी वरून झिरपत येईल तो कण खाऊन हे प्रवाळ-जीव जगतात. वाटेत मी गोसीखुर्दच्या धरणात अडकले तरी हरकत नाही, त्यांना घाई नसते.

४. माझे भिंग ललितावहिनीला. डिंपलला मंगळ म्हणून स्थळे परत जातात, यासाठी वहिनीने तिला पोवळ्याची अंगठी आणली. याच भिंगातून मी पाहिले, तर ते लाल रंगवलेले बांबू प्रवाळ निघाले. तेव्हापासून वहिनीने अबोला धरला आहे, आणि माझ्यामागे फांदी कापून अस्सल खडा करायचा असे सोनाराशी ठरवूनही आली आहे. म्हणून हा सारा खटाटोप. फांदीला कोणीही करवत लावू नये. अंगठी माझी नाही, पण डिंपलने ती बोटातून काढून पेटीत फांदीशेजारी ठेवली तर मला बरे वाटेल.

अंगठी तपासली त्या दिवशी डिंपलने विचारले होते, "आत्याबाई, मंग माहा मंगळ बी रंगवलेलाच असन का?" वहिनी दारातच उभी होती, म्हणून मी गप्प बसले. आता लेखी देते: होय.

सही: रुखमिणी ना. कापगते
साक्षीदार: बाबुलाल डोंगरवार, कुंताबाई मेंढे (दोघांसमक्ष वाचून सही केली, कुंताबाई हसल्या)
लाखनी, जि. भंडारा, ९ फेब्रुवारी २०२५