खडूची खूण

शमुवेलदादा,

तू संध्याकाळच्या उपासनेहून येशील तेव्हा मी रातपाळीला गेलेला असेन. टोपात दिघाशी गावाहून आणलेली सुकट हाय, भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्यात. जेवून घे.

आपल्या चार नंबरच्या लूमवरचं ते खराब कापड माझं हाय. गुरुवारी पहाटे मला डुलकी लागली, सुताची तार तुटली आणि दोन वार कापड तसंच निघालं. शिफ्ट सुटताना कुणाचं कापड कुठे संपलं याची आपण कापडावर खडूने खूण करतो ना, ती मी दोन वार मागे केली. म्हणून ते तुझ्या नावावर गेलं. मुकादम सगळ्यांसमोर तुला बोलला, "पुराना आदमी होके?" तुझ्याकडून लूम काढून घेतला, पोरींच्या रांगेत सुताच्या कांड्या भरायला बसवलं. मी तिथेच उभा होतो. तोंडातून शब्द काढला न्हाय.

मला वाटलं, तुला कळलंच न्हाय. पण आज सकाळी गुडघे टेकून तू म्हणालास, "प्रभू, लडकूला मी माफ केलंय. त्याच्यावरचा राग माझ्या मनात राहू देऊ नको." मी जागा होतो, दादा. मग तू माझी सरकलेली गोधडी नीट केलीस आणि गेलास. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आज मुकादमाला सगळ्यांसमोरच सांगणार हाय. कांड्या मी भरीन. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत झाली न्हाय, म्हणून हा कागद.

सकाळी येईन तेव्हा तू प्रार्थनेत असशील. मी दाराबाहेर थांबेन. आमेन झालं की हाक मार. हाक आली तरच आत येईन.

लडकू