सकाळी दहाची रम

११ जानेवारी, रविवार
बाटली आली! वीतभरच. माझ्या लेकीच्या, कीर्तीच्या, रमच्या कारखान्यातला संकल्प सुट्टीवर आलाय, तो दारात देऊन गेला. वर हाताने लिहिलंय — पीप ४७, सहा वर्षं लाकडात. ऑस्ट्रेलियाची रम! सोबत चिठ्ठी: "आप्पा, नुसती चांगली-वाईट म्हणू नका. कसला कसला वास येतो ते सांगा. शुक्रवारी मला ठरवायचंय, मतलब पीप उघडायचं की अजून वर्षभर ठेवायचं. ऐकणार तुमचंच."

तीन वर्षं लेकीशी बोललो नाही. "दारूच गाळायची होती तर गावातच भट्टी टाकून दिली असती" — ती ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा मीच म्हणालो होतो. स्वतः मात्र अठ्ठावीस वर्षं फौजेच्या कॅन्टीनची रम प्यालो.

सांगणार नाही. वास घेण्याचा पगार तिला मिळतो, मला नाही!

१२ जानेवारी
चैन पडेना. संध्याकाळी स्टीलच्या पेल्यात ओतली, वर कढत पाणी, पलटणीत घ्यायचो तशी. घसा पेटला, वास वाफेबरोबर उडून गेला. निम्मी बाटली वाया. मग चिठ्ठी उलटी केली तर मागे लिहिलेलं: "गरम पाणी घालू नका!! सकाळी दहाला, काचेच्या ग्लासात, दोन थेंब गार पाणी. आधी नाक, मग जीभ." बापाला पुरती ओळखते कार्टी.

१३ जानेवारी
दहाच्या ठोक्याला गच्चीत बसलो. बायको तारामती कपडे वाळत घालत होती. "अवो, सकाळच्या पारी बाटली? लोक काय म्हंतील?" ड्यूटी आहे म्हणालो. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून मुरलीधरजी — "सूबेदार साहब, सुबह-सुबह?" चहा आहे म्हणालो. चहा, आणि हुंगून हुंगून!

आधी लाकूड, नव्या पेटीचं. मग मनुका. मग आणखी काहीतरी, अगदी ओळखीचं, पण नाव काही सापडेना. दिवसभर फेऱ्या मारल्या. दोनदा फोन उचलला, ठेवला. जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
इथे उत्तरेत संक्रांतीला आमचं सगळं विद्याधर नगर गच्चीवर. पतंग, भोंगे, "वो काटा!" तारामतीने तिळगुळासाठी पाक ठेवला होता. कडेला जरासा करपला आणि मी ताडकन उठलो. काकवी! आमच्या कराडकडच्या गुऱ्हाळातली, काहिलीच्या काठाला लागलेली. लहानपणी कीर्तीला खांद्यावर बसवून न्यायचो तिथे. भाकरीला लावून खायची, कोपरापर्यंत ओघळ.

उरलेला घोट घेतला. लगेच गिळला नाही. हो, काकवीच. मागून थोडा चिपाडाचा धूर. गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर राहिली. लिहायला लाज वाटते, पण जन्मात इतकी सुंदर रम प्यालो नव्हतो. आणि ही माझ्या पोरीने निवडलेली!

फोन मात्र झाला नाही.

१५ जानेवारी
केला. आधी नुसतंच म्हणालो — "काकवी."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज. मग: "गुऱ्हाळातली? करपलेली, आप्पा?"

तीन वर्षांचं काहीच निघालं नाही. ती विचारत होती, लिहून घेत होती. धूर लाकडाचा की चिपाडाचा? मनुका काळ्या की पिवळ्या? अर्धा तास! शेवटी वैतागलो. "अगं, तुझ्यापुढे पीप भरलंय, हुंग की!" ती हसली नाही. "उद्या सांगते," म्हणाली.

काय सांगणार? रात्रभर कूस बदलतोय.

१६ जानेवारी, शुक्रवार
तिचा फोन आला, पीप उघडलं. तिने कारखान्याच्या कागदावर माझेच शब्द लिहून दिले.

मग सांगितलं: जुलैतल्या तापापासून तिला कसलाच वास येत नाही. कारखान्यात कुणाला माहीत नाही. तिच्या आईलाही नाही. नाकाला पुन्हा शिकवावं लागतं म्हणे.

उद्या सकाळी दहाला फोन. इकडे मी लवंग हुंगणार, तिकडे ती.