पाटोद्यात न थांबणारी गाडी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
२० फेब्रुवारी २०२६

चि. शांतास,
अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझ्या शिवानीच्या लग्नात मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, की आजपासून शांताशी बोलणार नाही. दोन वर्षं ते पाळलं आहे. लिहिणार नाही असं काही म्हणालो नव्हतो, म्हणून हे पत्र.

आमचा संगमेश्वर बीडला गेला होता. तिथे गाड्यांच्या शोरूममध्ये आपली आत्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली त्याला काचेतून दिसली. गाडी कसली, तर विजेची. आणि विजेचीही साधी नाही, लाँग रेंज! पोरगं घरी येऊन असं सांगत होतं, जणू तू विमानच घ्यायला निघालीस. मी त्याला विचारलं, की तुझ्या आत्याला एवढं लांब जायचं तरी कुठं हाय? दिंद्रुडहून माजलगाव, फार तर बीड. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि बॅटरी मात्र मुंबई गाठायची.

भाऊजींच्या माघारी तू भांड्यांचं दुकान सांभाळलंस, टेम्पो शिकलीस, आठवडी बाजार करतेस, हे मी नाकारत नाही. पण टेम्पोचं डिझेल संपलं तर कॅन घेऊन कुणीतरी येतं. विजेची गाडी रस्त्यात बसली तर तिला काय ओंजळीने वीज पाजणार आहेस? आणि आपल्याकडची लाइट म्हणजे रुसलेली सून, कधी घरात येईल याचा नेम नाही.

घ्यायचीच असेल तर स्टँडर्ड घे. दुकान ते बाजार, बाजार ते दुकान, त्याला ती रगड झाली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तुला लहानपणापासून सांगत आलो आहे.

सौ. मंजुळा तुझी फार आठवण काढते. मी काढत नाही.

लोभ होता तेवढा राहू द्यावा, वाढवायची घाई नाही.

तुझा,
अण्णा


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

दिंद्रुड,
२७ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप अण्णांस,
शांताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. बोलणं बंद आणि टपाल चालू, असलं व्रत मी कुठल्याच पोथीत वाचलं नव्हतं. उद्यापन कधी करता ते कळवा, जेवायला येईन.

शोरूमची हकीकत संगमेश्वरने काचेबाहेरून पाहिली, आता आतली ऐका. तिथल्या पोराने पहिल्यांदा विचारलं, की सर कुठं हायत? मी म्हटलं, सर नाहीत, मीच आहे. मग त्याने मला रंग दाखवले, छत उघडून दाखवलं, आरसा दाखवला. मी त्याला विचारलं, की एप्रिलच्या उन्हात एसी लावून, डिकीत सामान भरून ही गाडी खरी किती जाईल? तर तो छापील कागद वाचायला लागला. कागदावर तर मीही राणी आहे! शेवटी खोदून खोदून विचारल्यावर त्याने कबूल केलं, की स्टँडर्ड दोनशेच्या आसपास दम टाकते आणि लाँग रेंज सव्वातीनशेपर्यंत पळते. पुणे ते दिंद्रुड तीनशेच्या थोडं वर आहे. माझं गणित एवढंच.

कशासाठी, ते तुम्हाला मंजुळावहिनींनी सांगितलं असेलच आणि तुम्ही ऐकलं नसेल. शिवानीला सातवा लागतो आहे. पुण्यात तिच्यापाशी कोणी नाही. युवराजची पाळ्यांची नोकरी आहे आणि तिच्या सासूबाई, विमलबाई, ऊसतोडीला कारखान्यावर आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्या घरची रीत आहे. आणि लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो, हीसुद्धा आपलीच रीत. तिला बाप नाही, भाऊ नाही, म्हणजे उरला मामा. युवराज म्हणाला, की मी आणून सोडतो. ती नको म्हणते. नवऱ्याने नेऊन टाकणं वेगळं आणि माहेरच्याने न्यायला येणं वेगळं, असं तिचं म्हणणं. कुणी न्यायला आलं तरच येईन, नाहीतर इथेच एकटी राहीन, असं ती मला रडत रडत सांगत होती. पोरगी हट्टी आहे. मामावर गेली आहे.

तेव्हा विचारते. तुम्ही जाणार असाल तर कळवा, पाडव्यासाठी केलेलं बुकिंग मोडून मी गाडीचा नाद सोडते. नसाल जाणार, तर मुराळी मीच होते. आणि घेते तर लाँग रेंजच घेते, कारण येताना वाटेत तुमचं पाटोदा लागतं आणि मला तिथे पाणी प्यायलाही थांबायचं नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ नको, उत्तर द्या.

आपली,
शांता


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
८ मार्च २०२६

चि. शांतास,
अनेक आशीर्वाद, पण या वेळी जपून.

मी जाणार नाही. जिने आमचं न ऐकता कोयत्याच्या घरात लग्न केलं, तिला आणायला मी फेटा बांधून जावं, ही तुझी अपेक्षाच हास्यास्पद आहे. त्या घरात दिवाळी झाली की गाडीत बिऱ्हाड भरतात आणि ऊस तोडायला निघतात. पोरगा शिकला म्हणून घराणं शिकत नाही.

आणि तू मुराळी होणार! नवरा गेलेली बाई पोटुशी लेक आणायला जाते, हे ऐकून आडत बाजारात लोक मला काय म्हणतील याचा विचार केलास? भाड्याची गाडी पाठव म्हणावं, तर तेही तुला पटायचं नाही. भाड्याच्या ड्रायव्हरला मुराळी म्हणत नाहीत, असं तू लगेच लिहून पाठवशील.

म्हणून थोरला या नात्याने मी माझं कर्तव्य केलं. शोरूमला फोन लावला. दिंद्रुडच्या शांतादेवींचा मोठा भाऊ बोलतोय, त्यांना लाँग रेंज नको, स्टँडर्ड करा, असं सांगितलं. तिकडून लगेच बरं सर म्हणाले. ना तुझी सही मागितली, ना माझं नाव दोनदा विचारलं. तू तासभर खोदून विचारत बसलीस, माझं काम एका फोनात झालं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात तो असा.

पाडव्याला साधी गाडी घरी आण, हार घाल, नारळ फोड आणि बाजारहाट कर. चार दिवस रुसशील, पाचव्या दिवशी माझे आभार मानशील.

लोभाचं नंतर बघू.

तुझा,
अण्णा


दिंद्रुड,
२२ मार्च २०२६

अण्णांस,
नमस्कार. साष्टांग घालायला आज कंबर वाकत नाही, म्हणून उभ्याउभ्याच.

तुमचं पत्र पाडवा उलटल्यावर हातात पडलं. पाडव्याला शोरूममध्ये गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि कागद हातात घेतले, तर त्यावर स्टँडर्ड. मी पोराला विचारलं, हे कावून बदललं? तर म्हणतो, सरांचा फोन आलता. कोणते सर? माझ्या गाडीला सर कधी झाला? ज्या पोराला मी समोर बसून बजावलं होतं, त्याला न पाहिलेल्या माणसाचा आवाज खरा वाटला, कारण तो जाडा होता. मालक बाहेर आले, माफी मागितली, पण लाँग रेंज आता पावसाळ्याशिवाय मिळत नाही म्हणाले. बाळ काही पावसाळ्यापर्यंत थांबायचं नाही. म्हणून गिळलं आणि हीच घेऊन आले.

तुमचं नाव बसवेश्वर. ज्यांच्यावरून ते ठेवलं, त्यांनी जात मोडायला सांगितली, विधवेचा विटाळ पुसून टाकायला सांगितलं. तुम्ही त्यांचं नाव लावता आणि आडत बाजार काय म्हणेल ते ऐकता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! गळ्यात लिंग घालून कोयत्याला नावं ठेवायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही? विमलबाईंनी कष्ट करून पोरगा शिकवला. आपण कुणाला शिकवलं? संगमेश्वर अजून काचेतून आत्या बघतो आहे.

मला राग आला आहे, आणि तो शब्द न फिरवता लिहिते आहे. गाडी माझी, लेक माझी, आणि तिने किती लांब पळायचं ते तुम्ही ठरवलंत.

पाच एप्रिलला, रविवारी, मी निघते आहे. नगरजवळ एका धाब्यावर चार्जिंगचं मशीन आहे. जाताना तिथे थांबेन, रात्री पुण्यात राहीन, सोमवारी येतानाही तिथेच थांबेन. आठवा लागलेल्या पोरीला घेऊन धाब्याच्या बाजेवर बसेन, पण तुमच्या ओट्यावर बसणार नाही. लाँग रेंज नसली तरी पाटोद्यात थांबणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

वहिनींना मात्र मनापासून नमस्कार.

शांता


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
१६ एप्रिल २०२६

चि. शांतास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुम्ही दिंद्रुडला सुखरूप पोचल्याचं संगमेश्वरकडून कळलं. तू मला चार ओळी टाकल्या नाहीस. बोलणं मी बंद केलं होतं, टपाल कुणी बंद केलं?

आता माझ्या तक्रारी ऐक. धाब्यावरचं मशीन जाताना चालू होतं म्हणून येतानाही असेल, हे गृहीत धरणाऱ्या बाईला मी शहाणी म्हणत नाही. ते बंद दिसल्यावर नगरला परत फिरून दुसरं शोधायचं, तर तू पुढे आलीस. तेही गाडीचा दम पुरावा म्हणून एसी बंद करून, त्या उन्हात! सोमवारी दिवेलागणीला गाडी माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा पोरीचं तोंड लालबुंद झालं होतं. बीडपर्यंत जाईल एवढी वीजही गाडीत उरली नव्हती, आणि तरी तुझी मान ताठ.

तू शेजारीच उभी असताना मी मंजुळेला म्हणालो, की तिला सांग, गाडी लावायची असेल तर लाव. यावर तू हसलीस, ते मी पाहिलं. मग तुझी ती वायर भिंतीबाहेर पुरेना. फाटकाचं दुसरं दार कित्येक वर्षं उघडलं नव्हतं. त्याचा गंजलेला अडसर मी दगडाने ठोकून काढला, माझा अंगठा अजून सुजलेला आहे. शिवानी गाडीतून उतरेना. मामांनी या म्हटल्याशिवाय उतरणार न्हाई, म्हणाली. मी फक्त एवढंच म्हणालो, की गाडी आत घ्या. गाडी आत आली, तिच्याबरोबर तीही आत आली. मंजुळेने तेवढ्यात भाकरतुकडा ओवाळूनही टाकला. घरात माझं कुणी विचारतं कुठे? जेवताना लाइट गेली, तेव्हा माझ्या आडतीच्या दुकानातून जनरेटर मी गाडीसाठी आणवला. त्यावर तिच्या खोलीतला पंखाही फिरत होता, ही वेगळी गोष्ट.

आणि आता प्रामाणिकपणे सांग, खरं कोण ठरलं? माझं ऐकून स्टँडर्ड घ्यावी लागली, हेच बरं झालं. लाँग रेंज असती तर तुम्ही दोघी फाट्यावरून सरळ निघून गेला असता आणि मी इथे ओट्यावर बसून राहिलो असतो. मला कुणी सांगितलंही नसतं.

एक मात्र मनाला लागून राहिलं आहे. सकाळी निघताना ती पाया पडायला आली. तिला वाकता येत नव्हतं, तरी वाकली. मी खाली मान घालून सुजलेला अंगठा चोळत राहिलो. आशीर्वाद ओठांवर आला होता. डिझेलची गाडी असती तर घरघरली असती, धूर सोडला असता, दोन गचके खाल्ले असते, आणि तेवढ्यात माझं तोंड उघडलं असतं. तुझ्या गाडीला आवाजच नाही. मी मान वर करून बोललो, तेव्हा अंगणात एकटी मंजुळा उभी होती.

म्हणून ते इथे लिहितो. तू मनातल्या मनात वाचू नकोस, तिला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखव.

शिवानी, बाळा, सुखरूप बाळंत हो. न्यायला मी यायला हवं होतं.

तुझा,
मामा